धूमकेतूची ‘क प्रत’ : होरायझन्स, कॉब्स आणि स्टेलॅरियम वापरून पाहिल्यावर

एकतीस वर्षं मी भूमी अभिलेखमध्ये मोजणी केली. सुरुवात साखळी आणि प्लेन टेबलवर, शेवट ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्रावर. बांधावरून डोकी फुटायच्या बेतात आलेली भावंडं बघितली, त्यांच्या हातात ‘क प्रत’, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, ठेवली आणि मुकाट्याने एसटी पकडली. त्यामुळे कुणी मला ‘अमुक वस्तू अमुक ठिकाणी आहे’ म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या खुणेवरून मोजलंत? निवृत्तीनंतर १०×५०ची दुर्बीण घेतली, धूमकेतूंचा नाद लागला, आणि हाच प्रश्न आभाळाच्या बाबतीतही विचारायला लागलो.

हॅली १९८६ साली आला तेव्हा मी तेविशीचा. आई त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची आणि त्याच्याकडे बोट दाखवू द्यायची नाही. तशी वेळच आली नाही. पेपरातला तळहाताएवढा नकाशा घेऊन मी तीन पहाटा गच्चीवर काढल्या आणि हाती काही लागलं नाही. ती चुटपुट अजून आहे. हॅली परत येणार २०६१च्या जुलैमध्ये, तेव्हा त्याचा हिशेब नातीकडे.

आता तेच काम करायला तीन साधनं फुकट मिळतात. ऑक्टोबर २०२४मधला त्सुचिनशान–ॲटलास आणि ऑक्टोबर २०२५मधला लेमन, हे दोन धूमकेतू मी त्यांच्या जिवावर पाहिले. साताऱ्यातून. कुठलं साधन कशासाठी धरावं आणि कशासाठी धरू नये, हे दोन वर्षांत कळलं ते लिहितो.

आधी होरायझन्स. ग्रह-धूमकेतू आभाळात कधी कुठे असतील त्याचा तक्ता देणारी, कॅलिफोर्नियातल्या नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची ही सेवा १९९६पासून चालू आहे. दिसायला एखाद्या सरकारी अर्जासारखी. तक्ता कसला हवा, कुठल्या पिंडाचा हवा, बघणारा कुठे उभा आहे, कधीपासून कधीपर्यंत आणि किती मिनिटांच्या टप्प्याने, कोणते रकाने पाहिजेत. रंगीत चित्र नाही, संगीत नाही. आजही ईमेलने मागणी पाठवून तक्ता मागवता येतो, हे वाचून मला आमचं जुनं ऑफिस आठवलं आणि एकदम आपलेपणा वाटला.

कक्षा सांगायला सहा आकडे पुरतात. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असेल, तेव्हा अंतर किती, कक्षा किती लांबट, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी तिचा कल किती, आणि ती पातळी कुठे छेदते व कक्षेचं टोक कुठे वळलंय ते सांगणारे दोन कोन. त्सुचिनशान–ॲटलासचे आकडे मी वहीत उतरवून घेतले होते. उपसूर्य, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा दिवस, २७ सप्टेंबर २०२४; अंतर ०.३९१ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर); विकेंद्रितता, म्हणजे लांबटपणा, १.०००१; कल १३९.१ अंश. कल नव्वदच्या वर, म्हणजे स्वारी ग्रहांच्या उलट दिशेने फिरतेय. विकेंद्रितता एकाच्या जेमतेम वर, म्हणजे कक्षा बंद होत नाही. आपल्या भाषेत, गाव सोडून निघालेला माणूस. चार आकड्यांत एवढं कळतं. ही माझ्या मते धूमकेतूची क प्रत.

क प्रत आणि कक्षा यांच्यात एक फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो. बांधही रात्रीतून सरकतो, पण त्याला शेजारी कारण असतो. धूमकेतू स्वतःच स्वतःला ढकलतो. ऊन लागलं की बर्फाची वाफ होऊन फवारे सुटतात आणि त्यांच्या धक्क्याने केंद्रक, म्हणजे धूमकेतूचा घट्ट गाभा, थोडं बाजूला जातं. त्यासाठी गणितात वेगळे आकडे घालतात आणि नवीन निरीक्षणं येतील तशी कक्षा पुन्हा बसवतात. होरायझन्सचा मला सर्वांत आवडणारा रकाना इथे कामाला येतो. जागेच्या आकड्याबरोबर त्यात अनिश्चितता किती आहे, तेही मागता येतं. आमच्या नकाशावर कुणी असा रकाना छापला असता तर निम्मे दावे कोर्टात गेलेच नसते.

आता माझी फजिती. आपण वेगळं सांगितलं नाही तर होरायझन्स वेळ देतं ती जागतिक वेळ, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. हे पानावर स्पष्ट छापलेलं असतं. मी ते वाचलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, मी १८:३०ची ओळ बघितली, उन्नतांशाच्या, म्हणजे क्षितिजापासूनच्या उंचीच्या, रकान्यात उणे चिन्ह दिसलं आणि सौ.ला म्हणालो, “गेला गं, क्षितिजाखाली गेला.” बरोबरच होतं. साताऱ्यात मध्यरात्री तो क्षितिजाखालीच असणार. चूक कळेपर्यंत साडेआठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी १३:१५ची ओळ वाचली, म्हणजे आपले पावणेसात. वेळेपुढे ‘एन’ आणि ‘एम’ अशी दोन अक्षरं होती. पहिल्याचा अर्थ संधिप्रकाश अजून मध्यम आहे, दुसऱ्याचा चंद्र वर आहे. पंधरा मिनिटं आधीच्या ओळीत ‘सी’ होतं, म्हणजे उजेड फार. पंधरा मिनिटं नंतरच्या ओळीत ‘ए’, म्हणजे अंधार बराच पडलाय. कधी निघायचं, किती वाजता डोळे लावायचे, हे या एका अक्षरावरून ठरतं. कुठल्याच देखण्या ॲपमध्ये मला ही सोय इतक्या सुटसुटीतपणे मिळाली नाही.

अर्ज भरताना आणखी दोन ठिकाणी हात घसरतो. उंची किलोमीटरमध्ये द्यायची असते. साताऱ्यासाठी ०.७. मी मीटरच्या सवयीने ७०० टाकायला निघालो होतो, म्हणजे अंतराळस्थानकाच्याही वर जाऊन बसलो असतो. दुसरं, परत परत येणाऱ्या धूमकेतूचं नाव घातलं की एकाच्या जागी अनेक नोंदी समोर येतात, कारण प्रत्येक फेरीची कक्षा वेगळी ठेवलेली असते. शेवटची निवडायची. सातबाऱ्यावर जुने फेरफार असतात तसंच आहे, ताजा फेरफार बघितल्याशिवाय सही करायची नाही.

१४ ऑक्टोबरला परतीच्या पावसाने तासभर उसंत दिली. स्कूटर काढून यवतेश्वरच्या पठारावर गेलो, पश्चिम मोकळी. डावीकडे शुक्र ठळक, उजवीकडे स्वाती अगदी खाली, आणि दोघांच्या मधे तक्त्याने सांगितलेल्या दिगंशावर (होकायंत्रावरच्या दिशेच्या कोनावर), हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून जरा कमी उंचीवर, तो. दुर्बिणीत आधी दिसला, मग नुसत्या डोळ्यांनी. शेपूट वर डावीकडे निघालेली, तिरक्या पुसट रेघेसारखी. चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेला ९ जानेवारी २०२३ला सापडलेला ठिपका, पृथ्वीपासून सात कोटी किलोमीटरवर, आणि तो मला कंपासच्या काट्यावर मिळाला. हॅलीची चुटपुट निम्मी तरी फिटली.

जागेच्या बाबतीत होरायझन्सला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पण त्याच तक्त्यात तेजस्वितेचाही रकाना असतो, आणि तिथे मी सावध होतो. आपल्याकडे ताऱ्याच्या तेजालाही ‘प्रत’च म्हणतात, आकडा जितका लहान तितका तारा ठळक. ही प्रत मात्र क प्रतीसारखी मोजून दिलेली नसते. ती सूत्रातून काढतात. धूमकेतू पृथ्वीपासून एक आणि सूर्यापासून एक एकक अंतरावर असता तर किती ठळक दिसला असता, तो एक आकडा. त्यात दोन्ही अंतरांची भर. पृथ्वीच्या अंतराचा हिशेब सरळ आहे. सूर्याच्या अंतरापुढे मात्र एक गुणक लागतो, तो साधारण दहा धरतात. दहा धरला तर एक एककावरून ०.३९१पर्यंत येताना धूमकेतू चार प्रतींनी उजळतो, म्हणजे चाळीस पट. गुणक आठ निघाला तर हीच वाढ सव्वातीन प्रतींची, म्हणजे वीसच पट. निम्मी! आणि गुणक दहा की आठ हे धूमकेतू स्वतः ठरवणार. बर्फ किती, धूळ किती, वरचा थर ताजा की भाजलेला, यावर ते अवलंबून. केंद्रक फुटलं तर सूत्रच निकालात.

तसं होतंही. २०१३मध्ये आयसॉनचा केवढा गाजावाजा झाला होता, तो २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना विरून गेला. त्सुचिनशान–ॲटलासबद्दल तर झ्डेनेक सेकानिनांसारख्या जुन्याजाणत्या अभ्यासकाने जुलै २०२४मध्ये हा उपसूर्याआधीच मोडणार असं लिहिलं होतं. नाही मोडला. उलट ९ ऑक्टोबरच्या सुमाराला तो सूर्य आणि आपण यांच्या जवळजवळ मधे आला तेव्हा सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात उणे पाचच्या जवळ पोचला. पिठाच्या गिरणीत दारातून उन्हाची तिरीप आली की तिरिपीकडे तोंड करून उभ्या असलेल्याला पीठ लखलखताना दिसतं, पाठ करून उभा राहिलेल्याला तेवढं दिसत नाही. धूळ पुढच्या दिशेला उजेड जास्त फेकते, एवढंच आहे ते. वर सांगितलेल्या सूत्रात ही गिरणी धरलेली नाही. पण सूर्याच्या इतक्या जवळ असताना तो आपल्याला डोळ्यांनी दिसणारही नव्हता, त्यामुळे उणे पाचचा आकडा ऐकून १४ तारखेला शुक्रापेक्षा ठळक काहीतरी शोधणारे पठारावर निराश झाले. दोघं जण तर माझ्या शेजारी उभे राहून विमानाच्या धुराला धूमकेतू ठरवून फोटो काढून गेले. मी काही बोललो नाही. मोजणीला गेल्यावर दोन्ही पार्टींशी कमी बोलायचं ही जुनी शिकवण.

तेजस्वितेसाठी म्हणून कॉब्स. स्लोव्हेनियातल्या च्रनी व्ऱ्ह वेधशाळेची मंडळी हे चालवतात. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी धूमकेतू खरोखर किती ठळक दिसला ते इथे नोंदवायचं, आणि त्या नोंदींचा आलेख सगळ्यांसाठी खुला. होरायझन्स सांगतं ते काय व्हायला हवं. कॉब्स सांगतं ते काल रात्री काय झालं. आलेख उघडला की ठिपक्यांचा पट्टा दिसतो. पट्ट्याची जाडी बघा, मला तीच महत्त्वाची वाटते. एकाच रात्री दोघांच्या नोंदींत अर्ध्या प्रतीचा फरक सहज असतो. माझ्यासारख्या माणसाला हे आधी पचलं नाही. अर्धी प्रत म्हणजे दीड पटीहून जास्त फरक, आणि हे लोक शांतपणे शेजारी शेजारी ठिपके टाकतात?

मग स्वतः एक नोंद केली आणि पचलं. कोजागरीची रात्र होती, १६ ऑक्टोबर. दूध आटत होतं, पोरंसोरं गच्चीवर, आणि मी कोपऱ्यात दुर्बीण घेऊन. पद्धत अशी की धूमकेतू नीट फोकसमध्ये बघायचा, त्याचा गोळा किती मोठा आणि किती उजळ ते डोक्यात धरायचं. मग दुर्बीण शेजारच्या ताऱ्याकडे वळवून फोकसचं चाक फिरवायचं, तारा फुगून तेवढाच मोठा होईपर्यंत. आता तो फुगलेला तारा उजळ की डोक्यातला धूमकेतू उजळ? मग दुसरा तारा, परत तेच. मी भुजंगातला उनुकल्हाई घेतला, तो २.६ प्रतीचा, आणि उत्तर मुकुटातला अल्फेका, २.२चा. उनुकल्हाईपेक्षा धूमकेतू नक्की उजळ. अल्फेकापेक्षा? चाक मागे-पुढे करत पाच मिनिटं गेली. “आजोबा, दुधावर साय आली,” नात येऊन सांगून गेली. किंचित उजळ. २.१ लिहिलं.

तुलनेचे तारे शक्यतो धूमकेतूच्या उंचीवरचेच घ्यायचे, हे मी चुकून बरोबर केलं. क्षितिजापासून दहा अंशांवर हवा साधारण एक प्रत खाऊन टाकते. डोक्यावरच्या ताऱ्याशी खालच्या धूमकेतूची तुलना केली तर तो बिचारा उगीच फिका ठरतो.

कॉब्सचा अर्ज आपल्याला भरायला आवडेल असा आहे, निदान मला आवडला. तारीख दिवसाच्या दशांशात मागतात. सातला केलेलं निरीक्षण जागतिक वेळेने दीडला होतं, म्हणजे दिवसाचा ०.५६ भाग, म्हणून ‘१६.५६’. पद्धतीचं अक्षर, भिंगाचा व्यास, किती पट, गोळ्याचा व्यास कलांमध्ये (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि गोळा मधे किती दाटलेला ते शून्य ते नऊ अशा मोजपट्टीवर. शून्य म्हणजे सगळीकडे सारखा पुसट, नऊ म्हणजे ताऱ्यासारखा. मी सात लिहिलं. पहिल्यांदा भरायला अर्धा तास लागतो. मराठी सोडा, इंग्रजीतली सूचनाही सरावलेल्या माणसाला धरून लिहिलेली आहे, नवख्याला ‘गोळ्याचा व्यास’ कशाला म्हणायचं इथूनच अडेल. शाळेतल्या मुलांना लगेच देण्यासारखं हे साधन नाही.

स्टेलॅरियमबद्दल कमी लिहितो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. संगणकावरचं फुकट, मुक्त स्रोताचं आभाळ. नवा धूमकेतू मात्र त्यात आपोआप असेलच असं नाही. सूर्यमालेच्या संपादकाचं एक प्लगइन चालू करून लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीतून कक्षेचे आकडे ओढून घ्यावे लागतात. दोन महिन्यांनी परत ओढायचे, जुन्या आकड्यांवर बसू नये. शेपूट ते जरा उदार हाताने काढतं, पडद्यावर दिसते तेवढी बाहेर शोधू नका. मला त्यातली खरी चैन सापडली ती क्षितिजात. तयार क्षितिज काढून टाकून आपलं स्वतःचं बसवता येतं. दिगंश आणि उंची यांच्या जोड्यांची साधी टेक्स्ट फाइल लागते, बस. मी जुना प्रिझमॅटिक कंपास आणि क्लिनोमीटर काढला, एका दुपारी गच्चीच्या मधोमध उभा राहिलो, आणि समोरच्या अपार्टमेंटची पाण्याची टाकी, नारळाचं झाड, अजिंक्यताऱ्याची सोंड असे चाळीस बिंदू मोजले. चाळीस ओळींची फाइल झाली. आता धूमकेतू टाकीमागे किती वाजता जाणार ते मला संगणकावर मिनिटाच्या फरकाने कळतं. सौ.चं म्हणणं, निवृत्त झालात ते बरं झालं, नाहीतर लोकांची कामं राहिली असती.

एका पैसे घेणाऱ्या ॲपबद्दल लिहायचं आहे, नाव घेत नाही. वर्षाची वर्गणी भरली होती. चित्र सुंदर, फोन आभाळाकडे धरला की नावं तरंगतात. पण एकदा संध्याकाळी फोन किणकिणला, ‘आज धूमकेतू पाहण्याची संधी!’ कॉब्सवर बघितलं तर तो नवव्या प्रतीच्या आसपास. शहरातून माझ्या दुर्बिणीलाही मुश्कील. तक्रार केली तर उत्तर आलं की आकडा गणनेवर आधारित आहे. ते मलाही माहीत होतं. पण जागा आणि तेज, दोन्ही तशाच ठसठशीत अक्षरात, दोन्ही दशांश चिन्हापर्यंत, शेजारी शेजारी छापली की बघणाऱ्याने ओळखायचं कसं की एक मोजलेलं आहे आणि दुसरं अंदाजपंचे? वर्गणी पुढे भरली नाही. फोन अजून किणकिणतो.

लेमनच्या वेळी मी शहाणा झालो होतो. जानेवारी २०२५मध्ये सापडलेला हा धूमकेतू सुरुवातीच्या अंदाजापेक्षा चांगलाच उजळला आणि २१ ऑक्टोबरला, नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, सुमारे नऊ कोटी किलोमीटर. अमावास्या, म्हणजे चंद्राची अडचण नाही. फटाक्यांच्या धुराची मात्र आहे, आणि त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. जागा होरायझन्सकडून घेतली, वेळ आपल्या घड्याळात बदलून. कॉब्सच्या आलेखात पट्टा चारच्या आसपास होता, म्हणून नुसत्या डोळ्यांची आशा शहरातून सोडली आणि कुणाला बोलावलंही नाही. भाऊबीजेला ओवाळणी आटोपल्यावर नातीला घेऊन वर गेलो. पश्चिम-वायव्येला, नारळाच्या डावीकडे. दुर्बीण बराच वेळ तिच्याकडेच होती.

“आजोबा, हा तर फळ्यावर पुसलेला खडू आहे.”

तेजाची नोंद तिच्या सांगण्यावरून मी केली नाही, दाटपणाचा आकडा मात्र तिचाच लिहिला.

कोजागरीची माझी २.१ची नोंद कॉब्सच्या आलेखात आहे. बरंच मोठं करून बघितल्यावर सापडते. इतरांच्या पट्ट्याच्या खालच्या काठावर, जरा मंद. चांदण्यात गोळ्याचा बाहेरचा विरळ भाग हरवतो आणि नवखा माणूस आतलाच मोजतो, त्यामुळे असं होतं, हे नंतर वाचलं. दुरुस्त करावी का असा विचार आला होता. पण जागेवर लिहिलेल्या टिपणात घरी येऊन खाडाखोड करायची नसते, म्हणून तशीच ठेवली आहे.